खालच्या सुराची गिटार

आमच्या घरात फळीवरची पितळेची भांडी बाबांबरोबर गायची. हे मी लाडात येऊन सांगत नाही, खरंच गायची. बाबा संध्याकाळी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून सुटून यायचे, न्हाणीच्या दगडावर पाय धुता धुता चर्चमधलं एखादं गीत खालच्या सुरात धरायचे, आणि आत फळीवर पातेल्यांच्या कडा एकमेकींना लागून झिणझिणायला लागायच्या. भांडी झिणझिणली की आई चुलीवर तवा ठेवायची. ‘आलो’ म्हणायची बाबांना आणि ‘आलात का’ विचारायची आईला कधी गरजच पडली नाही. श्रीरामपुरातल्या आमच्या मिशनच्या चाळीत भिंती अशा होत्या, की शेजारच्या मार्थाबाईसुद्धा त्याच नादावर आपली चूल पेटवायच्या.

चर्चच्या क्वायरमध्ये सगळ्यांत खालचा सूर बाबांचा. चार सुरांत गायची पद्धत कुण्या जुन्या मड्डमेनं लावून दिलेली होती. वरचे तीन सूर कागदावर उतरवलेले होते, चौथा मात्र बाबा त्यांच्या वडिलांकडून कानांनी शिकले होते आणि त्यात त्यांनी आपली भरही घातली होती. क्वायर बसवणारे ओहोळ मास्तर दर नाताळाला म्हणायचे, याकोबराव, एकदा बसून तेवढं उतरवून द्या. बाबा हसायचे आणि म्हणायचे, गळ्यात हाय की, कुठं पळून चाललंय? बाबांना लिहायचा भारी आळस होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती. आपल्याशिवाय क्वायरचं पान हलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग ते गळ्यातूनच काढून टाकावं लागलं. गाठ निघाली, लांबच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं आणि बाबा वाचले. गळ्याच्या खोबणीत एक भोक राहिलं, श्वास त्यातूनच यायचा-जायचा. त्यावर बाबा पांढरा रुमाल बांधायचे. दुपारी चाळ निजली की घरात तेवढाच आवाज असायचा, रुमाल आत ओढला जायचा आणि परत फुगायचा. लोकांचं तर काय विचारू नका! माणूस मुका झाला म्हणजे बहिराही झाला असं ते धरूनच चालले. येणारा जाणारा बाबांच्या कानाशी ओरडून ‘बरं हाय का’ विचारायचा, आणि बाबा दचकून मान हलवायचे. आई ओरडत नसे. तिचं त्याहून वाईट. ती त्यांच्याशी बोलायचीच थांबली. ‘एस्तू, तुझ्या बाबांना इचार माडगं पातळ करू का’, असं माझ्यामार्फत चालायचं, आणि बाबा तिथंच, तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे. मला तेव्हा तिचा फार राग यायचा. आज तिच्यापेक्षाही म्हातारी झाल्यावर वाटतं, जिथून उत्तर येणार नाही तिथं प्रश्न टाकायची तिला भीती वाटत असणार.

तिच्या डोक्यात आणखी एक होतं, ते मला पुढे कळलं. दवाखान्यात तिनं नर्सबाईला विचारलं होतं, की कापून काढलेला तुकडा आमच्या ताब्यात द्या, आम्हांला पुरायचा आहे. नर्सबाईनं तिला पाठीवर हात ठेवून बाहेर नेऊन बसवलं. आमच्यात माणूस अख्खा पुरतात, कारण शेवटच्या दिवशी तो अख्खाच उठायचा असतो. आईचा हिशोब साधा होता. बाबा उठतील ते मुकेच, आणि त्यांचा आवाज उठेल तो भलत्याच ठिकाणी, एकटा. तो तुकडा कुठं टाकला, कुणी मातीत तरी घातला का, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि ते तिच्या मनातून गेलं नाही.

तो उन्हाळा दुष्काळाचा, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा. बाबांना भाकरी गिळवत नसे, त्यांच्यासाठी हुलग्याचं माडगं, कण्या, कधी मऊ भात आणि वर आमटीची निवळ. आम्ही भाकरीबरोबर सुकटीची चटणी खायचो, पण ती भाजताना आई दार लावून घ्यायची, कारण तो ठसका बाबांच्या गळ्यातल्या भोकाला सोसायचा नाही. कारखान्याच्या धुराड्यातून काळी कुसळं उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, मळीचा आंबूस वास दिवसभर घरात असायचा. बाबांना काट्यावरून काढून गेटावर बसवलं होतं. काट्यावर गाड्यांचे नंबर पुकारायचे असतात, ते आता कोण पुकारणार? चर्चला त्यांनी जाणंच सोडलं. आणि क्वायर तर अशी झाली, की ऐकवेना. वरचे तीन सूर नुसते हवेत लटकायचे.

ईस्टर जवळ आला तसे ओहोळ मास्तर आमच्याकडे आले. त्यांनी नगरला एका ऑर्केस्ट्रात चार जाड तारांची बेस गिटार पाहिली होती, माणसाच्या खालच्या सुराला लागेल असा तिचा आवाज. मला साधी गिटार वाजवता यायची, चर्चकडे अँप्लिफायरचा खोका होताच. त्यांचं म्हणणं, एस्तेरनं बेस गिटार वाजवावी आणि याकोबरावांची जागा भरून काढावी. ‘जागा भरून’ हे शब्द त्यांनी बाबांच्या देखत उच्चारले. बाबांनी बोलण्यासाठी जवळ ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं, मी निवडीन. ओहोळ मास्तर एकच म्हणाले, परवडेल अशी बघा, देवाच्या नावानं भलतीसलती आणू नका.

नगरला बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या शेखचाचांच्या दुकानात दोन बेस गिटारी होत्या. एक नवी, लाल, चकचकीत, तारांचा आवाज पकडणारा तिचा पिकअप साधा, एकेरी. दुसरी जुनी, तपकिरी, तारा गंजलेल्या, कोपरे उडालेले, म्हणून स्वस्त. चाचांनी आधी लाल गिटार दुकानातल्या खोक्याला जोडली. बटण दाबताच दुकानात घूंऽऽ सुरू झालं, मधमाश्यांचं पोळं जवळ असावं तसं. मी तार छेडली की सूर यायचा आणि घुमणं त्याच्या मागे चालूच राहायचं. मग तपकिरी जोडली. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मला वाटलं, बंद पडली. चाचा म्हणाले, तेच तर आहे. हिला दोन पिकअप, एक मानेकडे, एक बुडाकडे, आणि प्रत्येकात तांब्याच्या तारेची दोन-दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट फिरवलेली. ‘हंबकर’ म्हणतात त्याला. बाहेरची जी काही घरघर एका वेटोळ्यात शिरते ती दुसऱ्यात उलटी होऊन मरते. उरतो फक्त तारेचा आवाज. मी विचारलं, एवढी चांगली आहे तर विकली का नाही गेली? चाचांनी खांदे उडवले. दुरुस्तीला टाकणारा परत आला नाही. गिऱ्हाईक येतं, वाजवतं आणि खाली ठेवून जातं. का, ते कुणी सांगत नाही.

मी सर्वांत जाड तार छेडली आणि मला ते कळलं. कुठलीही चाहूल न लागता सूर एकदम आपल्या मागे येऊन उभा राहिला होता. यंत्र असलं की ते आधी खाकरतं, कुरकुरतं, मग बोलतं. हिचं तसं काहीच नव्हतं. मी हात मागे घेतला. बाबा मात्र पुढे सरकले. घोडेगावच्या बाजारात बैल पारखावा तसा त्यांनी लाकडावरून, मानेवरून हात फिरवला. मग खाली वाकून गिटारीच्या अंगाचं वरचं टोक आपल्या गळ्याखालच्या हाडाशी टेकवलं, रुमालाच्या अगदी खाली, आणि मला खूण केली. मी पुन्हा तार छेडली. बाबांनी डोळे मिटले. रुमाल हलायचा थांबला, म्हणजे त्यांनी श्वास धरला होता. सूर पार विझेपर्यंत ते तसेच राहिले. मग पाटीवर लिहिलं, ही. शेखचाचा भले माणूस. म्हणाले, ओहोळ मास्तरांच्या शब्दावर शनिवारपर्यंत घरी न्या, घरात जमली तर ठेवा, नाहीतर हिच्याऐवजी लाल घेऊन जा.

घरी चर्चचा खोका आणून खाटेखाली ठेवला, कारण दुसरी जागाच नव्हती. दिवेलागणीला मी गिटार मांडीवर घेतली, बुडाकडचा पिकअप बंद केला, मानेकडचा तेवढा चालू ठेवला. तिथून येणारा आवाज जास्त भरीव होता, शब्द गिळून बोलणाऱ्या माणसासारखा. मी ईस्टरच्या गीतातले बाबांचे पहिले तीन सूर आठवून आठवून छेडले. आतून मला चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. फळीवरची भांडी झिणझिणत होती. आई पदराला हात पुसत दारात आली, तोंडावर हसू होतं, ओठ उघडलेले होते. बाबा भिंतीशी बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू असं उतरलं की मी गिटार उलटी करून ठेवली. ती आत गेली. त्या रात्री कुणाला भाकरी वाढायला ती बाहेर आली नाही, आम्हीच आत जाऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून दुपारची परतले. ऊन असं, की चाळीत कुत्रंसुद्धा दिसेना, सगळी दारं लोटलेली. आमच्या अंगणात पाय ठेवला आणि बाबा गात होते. माझ्या मनात एवढंच आलं, बाबा गातायत. आवाज कुठून, गळ्यातून की भोकातून, असं काही मनात आलं नाही. पूर्ण ओळ, तिच्या शेवटी बाबा नेहमी एक पायरी जास्त खाली उतरायचे तीसुद्धा, जी मला आदल्या संध्याकाळी आठवली नव्हती आणि जी कुठल्याच कागदावर नव्हती. मी तशीच उन्हात उभी राहिले. गेटावर न जाता सकाळपासून बसून त्यांनी एकेक सूर त्या मानेवर शोधून काढला होता. दार ढकललं तर ते खाटेवर बसलेले, गिटारीचं टोक हाडाशी टेकलेलं, अंगठा तारेवर, तोंड मिटलेलं. त्यांनी मला पाहिलं आणि असे हसले की तसं हसू ऑपरेशन झाल्यापासून मी पाहिलंच नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं रडू भीतीचं होतं. आई मागच्या दारात पाठ करून बसली होती, दोन्ही हात कानांवर.

आता खरी गंमत पुढे झाली, म्हणजे आता गंमत म्हणते. ते ऐकणारी मी एकटी नव्हते. लाल गिटार असती तर तिच्या घूंऽऽवरून शेंबडं पोरही ओळखतं, की हे यंत्र आहे. हिला श्वास नाही की घरघर नाही. मार्थाबाईंनी भिंतीपलीकडून याकोबरावांचा सूर ऐकला, त्यांचाच, दुसऱ्या कुणाला न येणारा, आणि तोही ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. त्यांनी गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि पदर सावरत थेट पाळकसाहेबांचं घर गाठलं. ऊन कलतंय न कलतंय तोच आमच्या अंगणात सगळी चाळ उभी. पाळकसाहेब झगा घालून, ओहोळ मास्तर डोळे पुसत, कुणी नारळ आणलेला, कुणी साखर. उपकारस्तुतीचं गीत त्यांनी अंगणातूनच सुरू केलं, तीन सुरांत, आणि चौथ्यासाठी जागा सोडून ते दाराकडे बघत राहिले.

बाबा दारात आले. गळ्यात रुमाल. गिटार हातात नव्हती, ती आत खाटेवर पडलेली. लोकांचं गाणं वाढत गेलं, त्यांना वाटलं बाबा आता सूर धरणार. बाबांनी तोंड उघडलं. मला वाटतं ते काहीतरी समजावायला गेले, पण बाहेर आली ती रुमालाखालची फुसफूस. कुणीतरी गायचं थांबलं, मग दुसरं, मग सगळेच. पाळकसाहेबांनी डोळे मिटून एक आशीर्वाद म्हटला. मी धावत जाऊन गिटार आणली, दाखवली, ही वाजत होती म्हणून सांगितलं. लोकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या गळ्याकडे, आणि नारळ उंबऱ्यावर ठेवून सगळे मागे सरकत सरकत गेले. मार्थाबाई जाताना म्हणाल्या, पन मी ऐकलंय, त्येच हुते. त्या मरेपर्यंत तसंच म्हणत राहिल्या.

लोक गेल्यावर आईनं मला न्हाणीपाशी ओढलं. माझा दंड तिनं असा धरला होता की वळ उठले. म्हणाली, "एस्तू, त्यो तुकडा कुनी पुरला न्हाई. म्हणून हिंडत हिंडत ह्या लाकडात येऊन बसलाय. यंत्राला आवाज असतो, घरघर असते. ह्याला कायच न्हाई, माझ्या माणसाचा सूर तेवढा हाय. मी जित्या नवऱ्याच्या घरात त्येचं भूत ठेवू व्हय?" मी तिला वेटोळ्यांचं समजावायला गेले, एकातली घरघर दुसऱ्यात उलटी होऊन मरते वगैरे. ती म्हणाली, बघ, तूच म्हनतीस, मरतं म्हणून.

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा खाटेवर गिटार नव्हती. गोधडी पण नव्हती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, पाटी पालथी पडलेली. आईनं गिटार गोधडीत गुंडाळली होती आणि पहिल्या एस्टीनं नगरला गेली होती, लाल आणायला. जी बाई श्रीरामपूरच्या बाजाराला जायचं तरी मला सोबत घ्यायची, ती एकटी गेली. बाबांनी अडवलं नव्हतं. अडवणार कसे, ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. दिवसभर बाबांनी माडगं घेतलं नाही. मी दोनदा गरम केलं, दोनदा झाकलं. शेवटी मी त्यांच्यावर चिडले, लहान मुलाला ओरडावं तशी ओरडले, आणि त्यांनी पाटी घेऊन लिहिलं, आवाज दुसऱ्यांदा जायला नको होता. मी माडगं तिसऱ्यांदा गरम करायला ठेवलं.

आई उतरत्या उन्हात परत आली. खांद्यावर गोधडीचं गाठोडं. मला वाटलं लाल आणली. तिनं ते खाटेवर ठेवलं, सोडलं, तर आत तपकिरीच. माझ्याकडे न बघता ती सरळ बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, मांडीला मांडी लागेल इतकी जवळ.

"दुकानात येक पोरगा आलता," ती त्यांना म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना. "ऑर्केस्ट्रातला. त्येनं ही घेतली आन् वाजवली. तुमीच गात हुता. परक्याच्या हाताखाली, त्यो म्हनंल तसं. त्यो हसत हुता. मी त्येच्या हातातनं हिसकून घेतली."

बाबा तिच्याकडे बघत होते. रुमाल भराभर हलत होता.

"भूत असंल तर असूं द्या," ती म्हणाली. "आपलं हाय, आपल्या घरात ऱ्हाईल. मला लई भ्या वाटतं, अजून वाटतंय, ते काय जायाचं न्हाई. पन ही आता तुमच्यासंगंच मातीत जाईल, तवर वाजवा."

ईस्टरच्या पहाटे बाबा चर्चला गेले आणि क्वायरच्या मागे खुर्चीवर बसून त्यांनी आपला सूर आपणच दिला. मी अल्टोत, बायकांच्या खालच्या सुरात, उभी राहिले. बेस वाजवायचं माझं राहिलंच, बाबांनी ती गिटार मला कधी हातात धरू दिली नाही. आई शेवटच्या बाकावर बसायची, गीत संपेपर्यंत डोळे मिटून, दोन्ही मुठी आवळून. घरी बाबा वाजवायला बसले की ती अंगणात जाऊन उभी राहायची, पण आता ओठांतल्या ओठांत त्यांना उत्तरं देत असायची, मी पाहिलंय. माझी नात परवा म्हणाली, आजी, अशी गिटार आता मिळते, मागवू का? मी म्हटलं, नको गं बाई.

पुष्कळ वर्षांनी बाबा गेले. पेटी करायला सांगितली तेव्हा सुतार माप घेऊन गेला आणि परत आला. माणूस एवढा किडकिडीत आणि पेटी एवढी रुंद सांगितलीय, माप चुकलंय का, म्हणून विचारायला लागला. आई बाबांच्या उशाशी बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"दोघं हायेत," ती म्हणाली.